प्रयुक्त क्रमांक नऊ

शिरपूर. तिसरा मजला. मार्चअखेरची प्रात्यक्षिकं.
मी धुळ्याहून आलेली बहिःस्थ परीक्षक,
पर्समध्ये लाल पेन, डब्यात कळण्याची अर्धी भाकर,
आणि समोर, हेमांगी देवरे, तुझी जर्नल,
खाकी कव्हरवर कुठल्याशा लग्नपत्रिकेतला गणपती चिकटवलेली.

विषय : संगीताची लय आणि उद्दीपन.
अभ्युपगम : द्रुत लयीने नाडीचे ठोके वाढतात.
प्रयुक्त बारा. साधनं : मोबाईल, इअरफोन,
भावाचं घड्याळ (सेकंदकाटा असलेलं).

बाई गं, संथ लयीला तू बासरी लावलीस
आणि द्रुत लयीला वरातीचा बँड.
मग नाडी कशाने वाढली,
लयीने, आवाजाने, की कुणाच्या तरी हळदीच्या आठवणीने?
समासात लिहिलं : नियंत्रण नाही. वजा दोन.

संथ गट सकाळी आठला. द्रुत गट दुपारी दोनला,
फेब्रुवारीतल्या दोनला, डबे खाऊन, तीन जिने चढून.
जिन्याचा उल्लेख कुठेच नाही.
वजा एक.

पंधरा सेकंद मोजून चारने गुणलंस.
म्हणजे एक ठोका निसटला तर चार निसटतात.
हे तुला तोंडीत विचारलं तेव्हा
तू ओढणीच्या टोकाला पीळ देत म्हणालीस,
'मॅडम, घड्याळाकडं बघू का मनगटाकडं, तेच समजेना.'
मला हसू आलं. ते गुणपत्रिकेत बसत नाही.

पंखा थांबला. शिपाई दारातूनच,
'लाईट गयी मॅडम, आते चारलेच ई.'
खिडकीतून सातपुडा दिसत होता, धुरकट,
पुसून टाकलेल्या फळ्यासारखा.

मग कोष्टक दोन.
दहा जणांची नाडी वाढली, एकाची तेवढीच राहिली.
आणि क्रमांक नऊ, खुमसिंग पावरा,
ऐकण्याआधी शहाण्णव, ऐकल्यावर ऐंशी.
बँड एवढा वाजतोय आणि ह्याचं काळीज खाली बसतंय.
त्या ओळीपुढे तुझी पेन्सिल : 'वगळावे?'

नऊ वगळला असतास
तर फरक सार्थ ठरला असता, निष्कर्ष सरळ,
आलेख जर्नलच्या चौकटीत नीट मावला असता.
मी स्वतः मागच्या पानावर गणित करून पाहिलं. ठरतो.
तू वगळला नाहीस.
निष्कर्षात एवढंच : 'अभ्युपगम सिद्ध झाला नाही.'
खाली एक ओळ खोडलेली, वाचता येत नाही.

आत्मनिरीक्षण अहवाल बाराही जणांचे जोडलेस.
अकरांनी लिहिलंय, छान वाटले, उत्साह आला.
खुमसिंगच्या अक्षराला उतार आहे, डोंगराकडून नदीकडे जावा तसा :
'लहानपणी होळीला आई मला पाठीशी बांधून नाचायची.
रात्रभर ढोल. मी झोपलेला असायचो.
ढोल थांबला की मला जाग यायची.'

कदाचित हे खरं कारण असेल.
कदाचित तो नुसता जिना असेल,
बसल्यावर श्वास उतरला, एवढंच.
तुझ्या प्रयोगातून हे कळायची सोय नाही, हेमांगी,
आणि माझ्या पंचवीस वर्षांच्या शिकवण्यातूनही नाही.

वीसपैकी तेरा.
त्या प्रश्नचिन्हाला कुठला रकाना द्यावा
म्हणून पेन थोडा वेळ तसाच धरला.
मग साडेतेरा केले.
अर्धा गुण कशाचा, हे कार्यालयाने विचारलं तर
जिन्याचा म्हणेन.

परतीची बस सावळद्याच्या पुलावर खोळंबली.
पुढे वरात होती, बँजो, धूळ, घामेजलेला नवरदेव.
तापीचं पाणी त्या गोंधळाखाली
कुणी विचारलंच नसल्यासारखं वाहत होतं.
मी दोन बोटं मनगटावर ठेवली,
काट्याकडे बघायचं की हाताकडे,
तेच समजेना.
अकरापर्यंत मोजले. मग चुकले.
चारने गुणायला काही उरलं नाही.